आत्मा नसलेल्यांची अस्मिता

जात नष्ट व्हावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याने स्वतःची ओळख जातीने दिलेल्या स्थानावरूनच सांगावी काय, हा प्रश्न दिल्लीच्या विद्यापीठांतील दलित विद्यार्थ्यांच्या चर्चांमध्ये गेली अनेक वर्षे निरनिराळ्या रूपांत उभा राहत आला आहे. निवडणुकीच्या डावपेचांचा भाग म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. परंतु मुळात तो तत्त्वज्ञानाचा, आणि अधिक नेमके सांगायचे तर धर्मविचाराचा प्रश्न आहे. या विद्यार्थ्यांपैकी, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातून दिल्लीला गेलेल्यांपैकी, पुष्कळांची घराणी १९५६ नंतर बौद्ध झालेली आहेत, आणि ज्या धम्माचा त्यांच्या आजोबा-पणजोबांनी स्वीकार केला त्याचा एक आधारभूत सिद्धान्त अनात्मवाद हा आहे. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांच्या, म्हणजे माणूस ज्या घटकांचा मिळून झालेला असतो त्यांच्या, आत किंवा पलीकडे 'मी' नावाची कोणतीही कायम, स्वतंत्र आणि न बदलणारी वस्तू नाही, असे हा सिद्धान्त सांगतो. ज्या विचारात 'मी'च टिकत नाही, त्याच्या अनुयायांनी 'आम्ही कोण' हे इतक्या ठामपणे का सांगावे, हा पेच त्यातून निर्माण होतो; आणि तो शब्दच्छल नाही, कारण त्याच्या उत्तरावर सामाजिक न्यायाच्या मागणीचा पाया अवलंबून आहे.

हा पेच ज्या वातावरणात उभा राहतो तेही थोडे समजून घेतले पाहिजे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वादविवादाची एक खास रीत रुजलेली आहे. गोदावरी, कावेरी, पेरियार, कोयना अशी नद्यांची नावे असलेल्या वसतिगृहांच्या मेसमध्ये रात्रीच्या जेवणानंतर सभा भरतात, वक्ता बोलून झाल्यावर प्रश्नोत्तरे उशिरापर्यंत चालतात, आणि उरलेला वाद 'पर्च्यां'तून, म्हणजे मेसच्या टेबलांवर ठेवलेल्या छापील पत्रकांतून, दिवसेंदिवस पुढे चालू राहतो. या रीतीत आधी युनायटेड दलित स्टुडंट्स फोरमने आणि पुढे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या बिरसा आंबेडकर फुले स्टुडंट्स असोसिएशनने, म्हणजे 'बापसा'ने, एक वेगळा सूर आणला. शोषितांच्या वतीने इतरांनी बोलण्याचे दिवस संपले असून त्यांचे नेतृत्व त्यांच्यातूनच आले पाहिजे, हे या संघटनेचे मुख्य म्हणणे होते, आणि ते उजव्या संघटनांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, डाव्या संघटनांना उद्देशून होते. २०१६ च्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत नागपूरहून आलेले राहुल सोनपिंपळे या संघटनेतर्फे अध्यक्षपदासाठी उभे राहून दुसऱ्या क्रमांकावर आले, आणि २०२४ मध्ये याच संघटनेच्या प्रियांशी आर्य डाव्या आघाडीच्या पाठिंब्याने सरचिटणीसपदी निवडून आल्या. ज्यांच्याशी वाद त्यांच्याशीच सहकार्य, हा त्या आठ वर्षांतील प्रवास विचारांच्या दृष्टीनेही लक्षात घेण्याजोगा आहे.

या विद्यार्थ्यांच्या अस्मितेवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतील दोनच खरोखर वजनदार आहेत. पहिला आक्षेप १७ जानेवारी २०१६ च्या घटनेशी जोडलेला आहे. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांनी मृत्यूपूर्वी लिहिलेल्या पत्रात माणसाला त्याच्या सर्वांत जवळच्या ओळखीपुरते, एका मतापुरते, एका आकड्यापुरते आक्रसवून टाकले जाते याबद्दलचे दुःख व्यक्त झाले होते. त्या पत्राने पेटलेल्या आंदोलनाने पुढे दिल्लीच्या रस्त्यांवर तीच ओळख 'जय भीम'च्या घोषात उंचावली. तेव्हा आक्षेपक विचारतात की, ओळखीत कोंडले जाणे ही जर वेदना असेल, तर त्याच ओळखीचा ध्वज करणे हा तिच्यावरचा उपाय कसा होईल? दुसरा आक्षेप याहून जुना असून तो थेट बौद्ध परंपरेतून येतो. पाली वाङ्मयात 'मान' हा चित्ताला बांधून ठेवणारा एक दोष सांगितला आहे आणि त्याचे तीन प्रकार केले आहेत: मी इतरांहून श्रेष्ठ आहे असे समजणे, मी इतरांहून हीन आहे असे समजणे, आणि मी इतरांच्या बरोबरीचा आहे असे समजणे. तिसरा प्रकार समतावादी वाचकाला अस्वस्थ करणारा आहे. श्रेष्ठत्वाचा अहंकार आणि हीनत्वाचा गंड हे दोष आहेत हे कोणालाही पटेल. पण 'मी तुझ्या बरोबरीचा आहे' हे म्हणणेही जर बंधनच असेल, तर समतेची मागणी करणारा बौद्ध नेमके काय मागत असतो?

या दोन्ही आक्षेपांचे उत्तर शोधताना एका विद्यार्थ्याच्या निबंधापाशी जावे लागते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानवशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर एक निबंध वाचला. विद्यापीठाला लागूनच हार्लेम होते, जिथे दक्षिणेकडील राज्यांतून बाहेर पडलेले कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने येऊन वसत होते. त्या निबंधात जातीच्या उगमाची जी मांडणी आहे तिच्यातील काही भाग पुढील संशोधनाने मागे टाकला असेल. पण त्यातले एक निरीक्षण आजही ताजे आहे. एकटी जात अशी वस्तूच नसते, जाती असतात त्या नेहमी अनेक, असे ते निरीक्षण आहे. त्याचा अर्थ असा की, कोणतीही जात तिच्या आतल्या गुणधर्मामुळे जात ठरत नाही. एका गटाने दार लावून घेतले म्हणून दुसरा गट बाहेर राहिला, आणि बाहेर राहिल्यामुळेच तो गट 'जात' झाला. महार असण्याचे कारण महाराच्या देहात, रक्तात किंवा स्वभावात सापडणार नाही, ते गावकुसाच्या रेषेत सापडेल, आणि ती रेषा आतल्या माणसांनी आखलेली आहे.

चाळीस वर्षांनी दिल्लीत, २६, अलीपूर रोडवरच्या घरात, त्याच लेखकाने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ हातावेगळा केला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी तिथेच त्याचे निधन झाले. ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. आत्म्यावरील विश्वास हा धम्माचा भाग नव्हे, असे त्या ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडलेले आहे. न्यूयॉर्कचा निबंध आणि दिल्लीचा ग्रंथ यांचा संबंध सहसा जोडला जात नाही, पहिला समाजशास्त्रात जातो आणि दुसरा धर्मशास्त्रात. परंतु हे दोन्ही लेखन एकाच विचाराची दोन टोके आहेत असे मानायला चांगला आधार आहे. बुद्धाच्या शिकवणुकीत अनात्मवादाच्या जोडीला प्रतीत्यसमुत्पाद हा सिद्धान्त येतो: प्रत्येक गोष्ट इतर गोष्टींच्या आधाराने निर्माण होते, त्या आधारभूत गोष्टी असेपर्यंत ती असते आणि त्या नाहीशा झाल्या की तीही नाहीशी होते. जात एकटी असू शकत नाही असे म्हणणे म्हणजे जातीला प्रतीत्यसमुत्पादाचा नियम लावणे होय. 'सुत्तनिपाता'तील वासेट्ठ सुत्तात बुद्धाने दोन ब्राह्मण तरुणांच्या वादाचा निर्णय करताना हीच दिशा घेतलेली दिसते. गवत, कीटक, पक्षी, मासे यांच्यात जातिभेद दाखवणाऱ्या खुणा त्यांच्या शरीरावरच असतात, माणसांत तशी कोणतीही खूण नसते, माणसांतले भेद व्यवहारातल्या नावांचे आहेत, असा त्याचा आशय आहे. हा वाद घालणारे वासेट्ठ आणि भारद्वाज हेही विद्यार्थीच होते, आणि ब्राह्मण जन्माने ठरतो की आचरणाने, हाच त्यांच्या वादाचा विषय होता.

ओळख ही आतून उगवणारी वस्तू नसून संबंधातून घडणारी गोष्ट आहे, याचा पुरावा दिल्ली आणि तिच्या परिसरात रोज मिळतो. पुण्यात किंवा औरंगाबादेत ज्या आडनावावरून समोरच्याला सगळा अंदाज येतो, ते आडनाव दिल्लीत काहीच सांगत नाही, कारण उत्तर हिंदुस्थानी कानाला मराठी आडनावांची उतरंड ठाऊक नसते. मग तिथे 'रँक किती', 'कॅटेगरी कोणती' असे प्रश्न ते काम करतात. माणूस तोच, स्कंध तेच, पण ओळखीची यंत्रणा बदलली की ओळखही बदलते. याहून ठळक उदाहरण नोएडा-ग्रेटर नोएडातल्या खाजगी विद्यापीठांत शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांचे आहे. नायजेरियातून आलेला एखादा विद्यार्थी स्वतःच्या देशात योरुबा असतो किंवा इग्बो असतो, ख्रिस्ती असतो किंवा मुसलमान असतो. 'काळा' ही ओळख त्याला तिथे सांगावी लागत नाही, कारण तिथे तिने कोणताच भेद दाखवला जात नाही. ग्रेटर नोएडात उतरल्यावर तो पहिल्यांदा काळा होतो, आणि घर भाड्याने मागताना, रिक्षात बसताना, बाजारात जाताना त्याला ते ऐकवले जाते. मार्च २०१७ मध्ये एका स्थानिक विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर अफवा पसरल्या आणि तिथल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. त्या वेळी जमावाला समोरचा नायजेरियाचा आहे की केनियाचा याच्याशी कर्तव्य नव्हते. हे ज्या जिल्ह्यात घडले त्याचे नाव गौतम बुद्ध नगर आहे. मार खाल्ल्यानंतर त्या विद्यार्थ्यांनी 'आम्ही आफ्रिकी' म्हणून एकत्र येणे याला कोणी संकुचितपणा म्हणणार नाही. ज्या नावाने मारले गेले त्याच नावाने दाद मागावी लागते, कारण अन्याय झाला तो त्याच नावावर झाला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी मराठी मुलखाचे नाते या ठिकाणी आठवणे अपरिहार्य आहे, आणि ते नाते नुसत्या सहानुभूतीचे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. १९४६ मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाखल झालेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून उभ्या राहिलेल्या आणि गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ चालवलेल्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने दलित साहित्याची चर्चा करताना कृष्णवर्णीय साहित्याकडे आवर्जून पाहिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. पण या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या नावाहून दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात आहे. तिथे 'दलित' कोण हे सांगताना अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध यांच्याबरोबरच कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक व धार्मिक दृष्ट्या पिळले जाणारे सगळे लोक त्यात धरले होते. जन्माऐवजी स्थितीवर उभी असलेली ही व्याख्या आहे. ती स्थिती बदलली तर माणूस त्या नावातून बाहेर पडतो. अनात्मवादाशी सुसंगत अशी अस्मिता कशी असू शकते याचा हा पहिलाच मोठा मराठी प्रयत्न म्हणता येईल, जरी तो करणाऱ्यांमध्ये लवकरच बौद्ध विचार आणि मार्क्सवाद यांवरून फूट पडली आणि राजा ढाले व नामदेव ढसाळ यांचे मार्ग वेगळे झाले.

वंश आणि जात यांत फरक आहे, आणि तो या विवेचनाला उपकारक आहे. त्वचेचा रंग डोळ्यांना दिसतो. जात दिसत नाही, ती विचारून, शोधून, तपासून काढावी लागते. म्हणून जातीचे निराधारपण तर्काने सिद्ध करणे सोपे आणि व्यवहारात तिच्यातून सुटणे मात्र कठीण. पण धर्मांतराच्या मार्गाने ओळख बदलण्याची धडपड दोन्हीकडे झाली आहे, आणि तिथे इस्लाम स्वीकारलेले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. गुलामांच्या मालकांकडून आलेले 'लिटल' हे आडनाव टाकून त्यांनी 'एक्स' ही अज्ञाताची खूण धारण केली. १९६४ मध्ये मक्केच्या यात्रेत गोऱ्या मुसलमानांबरोबर एका पंक्तीत बसल्यावर गोरेपणाविषयीचे त्यांचे मत पालटले आणि माणसामाणसांतील बंधुत्व शक्य आहे असे ते सांगू लागले. मात्र त्याच वर्षी परत आल्यावर त्यांनी आफ्रो-अमेरिकनांच्या एकजुटीसाठी स्वतंत्र संघटना काढली. यात कोणाला विसंगती दिसेल. ती दिसू नये यासाठी नागार्जुनाची मदत घ्यावी लागते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला नागार्जुन हा शून्यवादाचा प्रमुख आचार्य. कोणत्याही वस्तूला स्वतःचा असा स्वतंत्र स्वभाव नसतो, ती इतरांच्या आधाराने असते, हे त्याच्या शून्यतेचे तात्पर्य आहे. हे समजावताना त्याने सत्याच्या दोन पातळ्या मानल्या: संवृतिसत्य, म्हणजे व्यवहारात ज्या नावारूपांनी आपण वागतो ते सत्य, आणि परमार्थसत्य, म्हणजे त्या नावारूपांना स्वतंत्र अस्तित्व नाही हे सत्य. त्यातील कळीचा मुद्दा असा की, व्यवहाराचा आधार घेतल्यावाचून परमार्थ सांगताच येत नाही. ज्याला जात मिथ्या आहे हे दाखवायचे आहे त्याला जातीचे नाव घेऊनच ते दाखवावे लागेल. 'आम्ही दलित आहोत' हे विधान संवृतीच्या पातळीवर खरे आहे आणि परमार्थाच्या पातळीवर ते टिकत नाही. पण परमार्थाकडे जाण्याची वाट त्याच विधानावरून जाते, त्याला वळसा घालून नाही. माल्कम एक्स यांनी मक्केत परमार्थ पाहिला आणि न्यूयॉर्कमध्ये संवृतीत काम केले, असे या भाषेत म्हणता येईल.

याच भेदाचा गैरवापरही होतो, आणि विद्यापीठांत तो फार होतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. 'आम्ही जातपात मानत नाही', 'इथे सगळे विद्यार्थी सारखेच' अशी वाक्ये परमार्थाची भाषा बोलतात, पण ती व्यवहारातला भेद झाकण्यासाठी उच्चारली जातात. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे दिल्लीच्या 'एम्स'मध्ये, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली, तेव्हा तिच्या २००७ मधील अहवालातून वसतिगृहांच्या काही मजल्यांवर हे विद्यार्थी वेगळे पडत गेल्याचे चित्र समोर आले. देशातील सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांच्या त्या वसतिगृहात कोणी जात मानत असल्याचे सांगत नव्हते. खोल्या मात्र सांगत होत्या. आंबेडकरांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये वेदान्ताला विचारलेला प्रश्न या जागी नेमका लागू पडतो. प्रत्येकात तेच एक ब्रह्म आहे असे मानणारा विचार समतेचा आणि लोकशाहीचा उत्तम पाया होऊ शकला असता, मग त्याच विचाराच्या देशात अस्पृश्यता निर्धोकपणे का नांदली, असा तो प्रश्न आहे. त्याचे कारण असे दिसते की, आत्म्याची समता ही देहाच्या, घराच्या, पाणवठ्याच्या आणि पंगतीच्या विषमतेला कुठेच अडवत नाही. ती दुसऱ्याच मजल्यावर राहते. ज्यांना आत्म्याच्या एकत्वाने हजारो वर्षांत काही दिले नाही, त्यांनी आत्माच नाकारणाऱ्या विचाराकडे वळणे यात त्यांची तर्कशुद्धता दिसून येते.

अस्मितेचा ताण सर्वांत तीव्रपणे जाणवतो तो कागदावर. १९५६ मध्ये बौद्ध झालेल्यांना धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती नाकारण्यात आल्या, आणि १९९० मध्ये संसदेने दुरुस्ती करीपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, ही स्थिती राहिली. त्यानंतर त्या सवलती मिळू लागल्या, पण त्यासाठी जातीच्या प्रमाणपत्रात धर्मांतरापूर्वीची जात दाखवावी लागते. ज्याच्या पणजोबांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेताना हा आपला नवा जन्म आहे असे म्हटले, त्याच्या पणतूला दिल्लीत प्रवेश घेताना जुन्या जन्माचा दाखला द्यावा लागतो. राज्याने असे का करावे, याचे उत्तर न्यायाच्या दृष्टीने बरोबर आहे: अन्याय जातीमुळे झाला, तेव्हा भरपाईही जात ओळखूनच द्यावी लागेल. परंतु त्या विद्यार्थ्याच्या मनावर त्याचा जो परिणाम होतो त्याकडे कायद्याला पाहता येत नाही. धर्माने जी ओळख सोडायला सांगितली ती राज्यघटनेने दिलेल्या हक्कासाठी जपून ठेवायची, ही दुहेरी स्थिती समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर 'जात सोडत नाही' असा आरोप करणे हा अन्यायच आहे.

अनुभवाला विचाराची भाषा देण्याचे जे काम दिल्लीत झाले, त्यात गोपाळ गुरू यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मराठी मुलखातून जाऊन पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेल्या गुरूंनी २००२ मध्ये असा मुद्दा मांडला की, भारतीय समाजशास्त्रांत सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र अशी एक वर्णव्यवस्थाच तयार झाली आहे. दलितांचे जगणे हा कच्चा माल ठरतो आणि त्यावरचा विचार दुसरे करतात. २००९ मध्ये त्यांनी अवमान या संकल्पनेवर एक ग्रंथ संपादित केला, आणि २०१२ मध्ये सुंदर सरुक्काई यांच्याबरोबर अनुभव आणि सिद्धान्त यांच्या नात्यावर 'द क्रॅक्ड मिरर' हा ग्रंथ लिहिला. जगलेल्या अनुभवाचा विशेष असा की, तो जगणाऱ्याला त्यातून बाहेर पडण्याची मुभा नसते. बाहेरून येणारा संशोधक वस्तीत राहू शकतो, तिथले अन्न खाऊ शकतो, पण निघून जाण्याची मोकळीक त्याच्याजवळ असते आणि म्हणून त्याचा अनुभव त्या प्रकारचा होत नाही. हा विचार बौद्ध दृष्टीने तपासला तर असे म्हणता येते की, दुःखाचे पहिले ज्ञान ते भोगणाऱ्यालाच होते. पण दुःखाचे कारण त्याच्या एकट्याच्या आत नसल्यामुळे त्या कारणाचे ज्ञान सर्वांना होऊ शकते आणि झाले पाहिजे. अनुभवाचा अधिकार मान्य करूनही त्याची मालकी मान्य न करणे, ही भूमिका येथे अधिक योग्य वाटते. स्वतः गुरूंनीच १९९५ मध्ये दलित स्त्रियांचे बोलणे वेगळे का असते हे मांडून, एका अस्मितेच्या पोटातही कोणाचा आवाज दाबला जातो याकडे लक्ष वेधले होते, आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्या मांडणीला उत्तर देताना, अशी दृष्टी जन्मापुरती न राहता इतरांनाही आत्मसात करता आली पाहिजे असा आग्रह धरला होता.

येथवरचे विवेचन अस्मितेच्या बाजूने आहे. तरीही तिच्यातील धोका खरा आहे आणि बौद्ध परंपरेने तो फार बारकाईने ओळखला आहे. 'संयुत्तनिकाया'त खेमक नावाच्या आजारी भिक्षूची कथा येते. पाच स्कंधांपैकी एकालाही आपण आत्मा मानत नाही असे तो सांगतो, पण 'मी आहे' ही जाणीव, जिला अस्मिमान म्हणतात, आपल्यातून अजून गेलेली नाही अशीही कबुली देतो. धुऊन मळ निघालेल्या कापडाला खाराचा आणि शेणाचा वास काही काळ येत राहावा, तसा हा शेष असल्याचे तिथे म्हटले आहे. जातीविरुद्ध उभ्या राहिलेल्या ओळखीतही असा शेष उरतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, तेव्हा दलित विद्यार्थ्यांमध्ये जो वाद उसळला त्यात हा वास स्पष्ट जाणवला. एकजूट मोडण्याचा हा डाव आहे असे एक बाजू म्हणत होती. आणि त्या एकजुटीत आमच्या वाट्याला काय आले, असे आजवर मागे राहिलेल्या जाती विचारत होत्या. महाराष्ट्रात मातंग समाजाने हा प्रश्न फार आधीपासून विचारला आहे. ज्यांनी सवर्णांना 'तुम्हाला तुमचे विशेषाधिकार दिसत नाहीत' असे सुनावले, त्यांनीच स्वतःपेक्षा मागे असलेल्यांकडून तेच वाक्य ऐकताना कान बंद केले, तर ओळख संबंधातून घडते हा मूळ विचारच त्यांच्या हातून सुटेल. दलित पँथरच्या जाहीरनाम्यातली व्याख्या स्थितीवर उभी होती. स्थिती बदललेल्यांनी नावाचा हक्क तेवढा धरून ठेवायचा, हा उपादानाचा, म्हणजे पकडून ठेवण्याच्या तृष्णेचा, प्रकार आहे.

आता तिसऱ्या 'माना'कडे परत येता येते. 'मी तुझ्या बरोबरीचा' हे वाक्य दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकते. दोन आत्मे मोजून ते सारख्या वजनाचे ठरवणे ही एक गोष्ट. बुद्धाने जी दोषात गणली ती हीच, कारण या मोजणीत 'मी' अधिकच घट्ट होतो. दुसरी गोष्ट म्हणजे माणसांमधले संबंध असे घडवणे की मोजण्याची गरजच पडू नये. आंबेडकरांना हवी होती ती दुसरी. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतल्याचे सांगितले आणि त्यांत बंधुतेला सर्वांत वरचे स्थान दिले. तिलाच ते मैत्री म्हणत. मैत्री हे एकट्याचे लक्षण असू शकत नाही, जसे जात हे एकट्याचे लक्षण असू शकत नाही. दोन्ही अनेकवचनीच आहेत. सामाजिक न्यायाची मागणी ही म्हणून स्वतःची उंची वाढवून घेण्याची मागणी नव्हे, ती संबंध बदलण्याची मागणी आहे.

यातून एक परिणाम निघतो, जो विद्यापीठांतील चर्चेत बहुधा सांगितला जात नाही. ओळख जर दोन टोकांमधील संबंधातून घडत असेल, तर ती विरघळवण्याची जबाबदारी एकाच टोकावर टाकता येणार नाही. दलित विद्यार्थ्याला त्याची ओळख सतत सांगावी लागते, म्हणून ती दिसते आणि तिच्यावर टीका होते. सवर्ण विद्यार्थ्याला स्वतःची ओळख कधी उच्चारावी लागत नाही, म्हणून ती नाहीच असा समज होतो. प्रत्यक्षात ती गुणवत्तेच्या, सफाईदार इंग्रजीच्या, 'घरचे वातावरण' या शब्दांच्या आत सुरक्षित असते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संशोधनाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या तोंडी परीक्षेतील, म्हणजे 'व्हायवा'तील, गुणांचा अभ्यास करणाऱ्या अब्दुल नाफे समितीला २०१६ मध्ये असे आढळले की, लेखी परीक्षेच्या तुलनेत व्हायवात राखीव प्रवर्गांच्या उमेदवारांना सातत्याने कमी गुण मिळत होते, आणि म्हणून तिने व्हायवाचे गुण तीसवरून पंधरावर आणण्याची शिफारस केली. उमेदवार समोर येऊन बसतो, दोन-चार वाक्ये बोलतो, आणि परीक्षकाच्या मनात स्वतःविषयीची जी न उच्चारलेली जाणीव असते तिच्या तुलनेत त्याला मोजले जाते. अनात्माचे चिंतन कोणी आधी करावे असे विचारले तर उत्तर त्या खोलीत, टेबलाच्या परीक्षक बसतात त्या बाजूला, शोधावे लागेल. समोर बसलेल्याला तोपर्यंत आपले नाव, गाव आणि प्रवर्ग स्पष्ट उच्चारात सांगण्याचा पूर्ण अधिकार आहे.